टाचणीबाईंचे वीस गुण

आरोग्य मंडळाच्या खरेदी विभागात त्यांना टाचणीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत, यातच सगळं आलं. स्टेपलरने कागद फाटतो म्हणून बाई अजून टाचण्या वापरायच्या, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे बाई टोचायच्या. अर्जावर तारीख नसली की अर्जदाराला चौथ्या मजल्यावरून खाली परत पाठवायच्या, मग तो साहेबांचा सख्खा मेहुणा का असेना. सव्वीस वर्षं एका खुर्चीवर काढली, पण नाकावर माशी बसू दिली नाही. बाकीचे कारकून त्यांना वचकून असत आणि फाईल अडली की धावत त्यांच्याकडेच येत.

घरी बाई आणि त्यांचे सासरे, दोघंच. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. सासरे म्हणजे अण्णा, हाताने दारं-खिडक्या बनवलेला सुतार माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं, आणि जिभेचा तिखटपणाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. वस्तीतलं जुनं टपाल कार्यालय बरीच वर्षं कुलूपबंद होतं. आरोग्य मंडळाने ठरवलं की तिथे एकत्रित आरोग्य केंद्र काढायचं. डॉक्टर, औषधं, बाळंतिणींची तपासणी, हातापायांचे व्यायाम शिकवणारी बाई, मनावरचं ओझं ऐकून घेणारं माणूस, आणि ज्यांना उंबरा ओलांडता येत नाही त्यांच्या घरी जाणारी माणसं, हे सगळं एका छपराखाली. नाहीतर आजवर काय व्हायचं? रक्त एका टोकाला द्या, रिपोर्ट दुसऱ्या टोकाला घ्या, आणि डॉक्टर म्हणणार, तिसऱ्या टोकाला दाखवून या. आजारी माणूस चालूनच मरायचा. केंद्र चालवायला द्यायचं कोणाला, हे निविदेने ठरणार होतं. शंभर गुणांची परीक्षाच म्हणा ना.

त्या शंभरातले वीस गुण बाईंनी भांडून मिळवले होते. तीन बैठका भांडल्या. म्हणणं एवढंच, की जो केंद्र चालवील त्याने इथल्या माणसांना काम द्यावं, शिकवावं, आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नाही त्यांच्याकडे बघावं. त्याचे वीस गुण वेगळे ठेवा.

"दवाखाना चालवायचाय की पुण्य कमवायचंय?" बांधकाम विभागाचे साहेब म्हणाले होते.

"साहेब, दवाखान्याला माणसं लागतात. ती काय आभाळातून पडतात?" बाई म्हणाल्या. असे ते वीस गुण आले.

आणि त्या वीस गुणांना बाईंनीच एक नियम जोडला. जे कागदावर नाही, त्याला गुण नाही. त्यालाही कारण होतं. पूर्वी एकदा 'माहितीतली माणसं आहेत' म्हणून रुग्णवाहिकेचं काम ओळखीवर दिलं गेलं, आणि ती रुग्णवाहिका लग्नांची वऱ्हाडं वाहताना सापडली. त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला.

निविदा दोन आल्या. एक मोठ्या कंपनीची, तीन जाडजूड खंड, पानोपानी हसऱ्या म्हाताऱ्यांचे गुळगुळीत फोटो. दुसरी शुश्रूषा मंडळाची, एका फाईलमध्ये, सुतळीने बांधलेली. हे शुश्रूषा मंडळ म्हणजे वस्तीतले दोन डॉक्टर, एक औषधवाले, व्यायाम शिकवणारी एक मुलगी आणि घरोघर जाऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या एकोणीस बायका. त्यांच्या म्होरक्या होत्या मावशी. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र तीन मजले चढणारा.

तपासायला तिघं होती. निवृत्त झालेले एक वयस्क डॉक्टर अध्यक्ष, बांधकामवाले साहेब आणि टाचणीबाई. प्रत्येकाने आपापले गुण एकट्याने द्यायचे आणि शुक्रवारी एकत्र बसायचं. बुधवारी बाईंनी दार लावून घेतलं आणि वाचायला बसल्या. वैद्यकीय भागात ऐंशीपैकी कंपनीला एकसष्ट पडले, मंडळाला साठ. म्हणजे सगळा भार आता त्या वीस गुणांवर. घरभेटींचं पान उघडलं आणि बाईंनी ते दोनदा वाचलं. कंपनीने लिहिलं होतं, घरी जाण्याऐवजी फोनवरून विचारपूस करू. केंद्र ज्याच्या हाती, घरभेटी त्याच्याच हाती, म्हणजे कंपनी आली की मंडळाला कुलूप. वस्तीत अंथरुणाला खिळलेली चाळीसेक माणसं होती. त्यांना फोन कोण उचलून देणार होतं?

मग प्रश्न सातवा. 'आपण समाजासाठी काय करता, ते सविस्तर लिहा.' कंपनीने सव्वीस पानं लिहिली होती. मंडळाच्या कागदावर, त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या चौकटीत, निळ्या शाईने एकच ओळ होती.

'आम्ही आमचं काम करतो.'

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पान उलटलं, मागे कोरं. पुढचं पान चाचपलं, तेही कोरं. "अहो मावशी," त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या, "चार शब्द? चार शब्दांना मी गुण देऊ तरी किती?"

संध्याकाळी सहाला मावशी आणि त्यांची जोडीदारीण नेहमीसारख्या अण्णांकडे आल्या. हो, बाईंच्याच घरी. झटका आला त्या आठवड्यात औषधवाल्याकडून कळलं म्हणून मावशी दारात उभ्या राहिल्या होत्या, आणि तेव्हापासून सकाळी सातला नि संध्याकाळी सहाला दोघी येत. अण्णांना पुसायचं, चादर बदलायची, कुशीवर वळवायचं. घेणं नाही, देणं नाही. बाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, तर मावशी म्हणाल्या होत्या, "आधी म्हाताऱ्याकडे बघा, मग माझ्याकडे." तो विषय तिथेच संपला.

बाई दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिल्या. मावशींनी एक हात अण्णांच्या खांद्याखाली घातला, दुसरीने कमरेखाली, आणि "हं" म्हणताच अण्णा अलगद कुशीवर. जिभेच्या टोकाशी प्रश्न होता. हे का नाही लिहिलंत? पण निविदेचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराशी त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. बाईंनी ओठ मिटून घेतले.

"काय ताई, दात दुखतोय का?" मावशींनी विचारलं.

"नाही. डोकं."

"डोकं तर तुझं कायमचंच," अण्णा खाटेवरून बोबडं बोलले आणि दोघी हसल्या.

दोघी गेल्यावर बाई स्वयंपाकघरात बसल्या आणि चिडून एका कोऱ्या कागदावर लिहायला लागल्या. त्या बायांनी काय लिहायला हवं होतं, त्याची यादी. गुण द्यायला नाही, नुसता राग काढायला. नदीकडच्या गल्लीतली आंधळी शिक्षिका, रोज. गिरणीमागचे दोघे भाऊ, एक दिवसाआड. तिसऱ्या मजल्यावरचे अर्धांगवायू झालेले वृद्ध सुतार, दिवसातून दोनदा, दोन वर्षं...

पेन तिथेच थांबलं. तिसरा मजला म्हणजे त्यांचं स्वतःचं घर.

तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी एका छापील कागदावर सही केली होती. 'कोणत्याही अर्जदाराशी माझा संबंध नाही, त्याच्याकडून मला कोणताही लाभ मिळत नाही.' क्षणभरही न थांबता सही केली होती. खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो! त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मावशी येतात यात संबंध कसला आणि लाभ कसला? सकाळ होते तशा त्या येतात. जे मावशींना लिहावंसं वाटलं नाही, तेच बाईंना सही करताना आठवलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात सव्वीस वर्षं घालवलेल्या बाईने स्वतःच खोट्या कागदावर सही ठोकली होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर बाई समितीतून बाहेर, चौकशी मागे, आणि निवृत्तीला उरलेत आठ महिने. शिवाय मंडळाचा अर्ज बाद होणार नाही याची खात्री काय? गप्प राहावं तर कोणाला कधी कळणारही नाही. पण गप्प राहून मंडळाला त्या चार शब्दांचे दोन गुण द्यायचे, की माहीत आहे म्हणून अठरा द्यायचे? दोन दिले तर मावशी बुडाल्या. अठरा दिले तर ती वऱ्हाडाची रुग्णवाहिकाच की!

गुरुवार त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. शुक्रवारी बैठक सुरू होताच बाई उभ्या राहिल्या.

"मला एक सांगायचंय. माझी ती संबंध नसल्याची घोषणा चुकीची आहे."

बांधकामवाले साहेब आधी हसले. त्यांना वाटलं, बाई कोणा दुसऱ्याची चूक काढतायत. मग त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही? बाई, तुम्ही? हे आत्ता सांगताय?"

"परवा रात्री लक्षात आलं."

अध्यक्ष डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उशिरा केलेली घोषणा दोन्ही अर्जदारांसमोर वाचायची, असा नियम आहे ना? कोणी केलाय हा?"

"मीच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुपारी कंपनीचा माणूस आला, कडक इस्त्रीचा. मावशी आल्या, हातात पिशवी, कुणाकडून तरी तशाच निघालेल्या. बाईंनी वाचलं. एक शब्द गाळला नाही. 'शुश्रूषा मंडळाच्या दोन सदस्या गेली दोन वर्षं दररोज दोन वेळा माझ्या सासऱ्यांची विनामूल्य सेवा करतात. हा लाभ मी जाहीर केला नव्हता.'

मावशींचं तोंड लाल झालं. "लाभ?" त्या म्हणाल्या. "असं लिहिलंत तुम्ही आमच्याबद्दल? आम्ही काय तुम्हाला लाच देत होतो?"

"मावशी, तसं नाही..."

"अर्जदाराशी बोलू नका," साहेब कडाडले.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं, की बाई समितीतून बाहेर. त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला जाईल. आणि निकाल लागेपर्यंत बाईंचा नि मंडळातल्या कोणाचाही संपर्क नको. दारातून आतही यायचं नाही.

"आणि म्हाताऱ्याचं कोण करणार?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी समोरचा कागद उलटला. "आम्ही गेलोच तर?" मावशींनी पुन्हा विचारलं.

"तर तुमचा अर्ज बाद," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी पिशवी उचलली. बाईंकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग किती आणि काळजी किती, ते बाईंना कळलं नाही. मावशी निघून गेल्या आणि बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. आतून साहेबांचा चढलेला आवाज येत होता. "ज्याने पेपर कोरा दिला, त्याला पुन्हा पेपर?" डॉक्टरांचा आवाज हळू होता, तरी एक वाक्य ऐकू आलं. "कंपनीच्या सव्वीस पानांत एकाही माणसाचं उदाहरण नाही, साहेब. दोघांनाही एकच खुलासा विचारू, की गेल्या महिन्यातला एक आठवडा घ्या, कोणाकडे गेलात, काय केलंत ते लिहा."

मग ते तीन आठवडे सुरू झाले. बाईंनी रजा टाकली. अण्णांना सकाळ-संध्याकाळ एकटीने कुशीवर करायचं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, जमेल. अण्णा आजारी असले तरी हाडापेराने अजून सुतारच, आणि बाईंचा जीव केवढा! उचलता येईना म्हणून त्या चादरीला धरून ओढायच्या.

"सूनबाई, ओढू नको," अण्णा म्हणाले. "लाकूडसुद्धा असं ओढत नाहीत. ओरखडे पडतात."

"मग काय करू? तुम्ही जरा हलके व्हा!"

"मेल्यावर होईन."

"असलं बोलाल तर तशीच निघून जाईन," बाई ओरडल्या आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन रडल्या. दवाखान्यात हलवूया म्हटलं तर अण्णांनी डाव्या हाताने खाटेचा पाय धरला तो सोडलाच नाही. पाचव्या दिवशी माकडहाडाशी कातडी लाल झाली, नवव्या दिवशी फुटली. दवाखान्यातली नर्स येऊन पट्टी करून गेली. म्हणाली, "पट्टीने काही व्हायचं नाही. याला दोन माणसं लागतात, बाई. दुसरं कोणी नाही का?" बाईंनी मान हलवली. नाही म्हणूनच हलवली.

रात्रंदिवस ती जखम त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कधी वाटायचं, मरो तो नियम, खाली जाऊन मावशींना हाक मारावी. जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या, एकदा नव्हे, चार वेळा. वस्तीतल्या चाळीस खाटा आठवायच्या आणि पाय मागे यायचा. ऐंशीच्या घरातला माणूस वेदनेने दात आवळत होता आणि सून त्याला नियम सांगत होती, असा तो सगळा प्रकार.

तेविसाव्या दिवशी दुपारी कार्यालयातल्या शिपायाचा फोन आला. "बाई, लागला निकाल! मंडळाने खुलाशाची अकरा पानं दिली होती. कंपनीने पुन्हा तेच फोटो. वैद्यकीय भागात कंपनी एका गुणाने पुढे, पण त्या वीसपैकी कंपनीला बारा, मंडळाला पंधरा. दोन गुणांनी मंडळ पुढे!" बाईंना आनंद झाला, झाला म्हणजे काय, हुंदका फुटला. पण हाताला त्या जखमेच्या मलमाचा वास होता आणि तो काही जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मावशी आल्या. एकट्याच. बाईंशी एक शब्द न बोलता आत गेल्या, अण्णांच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि बघत राहिल्या.

"कसं झालं हे?"

"मला एकटीला उचलता येईना."

"एकटीला कोणालाच येत नाही. मलाही येत नाही, म्हणून तर आम्ही दोघी येतो." मावशी वळल्या, आणि मग तो तीन मजले चढणारा आवाज लागला. "आम्हाला मनाई होती, ठीक. बाकी जगाला होती का? या इमारतीत माणसं राहत नाहीत? वर कोणी नाही, खाली कोणी नाही, समोर कोणी नाही?"

"कोणाला सांगणार? माझं कोणाशी बोलणं नाही."

"किती वर्षं राहताय इथे?"

"अकरा."

मावशींनी कपाळाला हात लावला. "जोडीदारीण आज केंद्राच्या कामाला गेलीय. मी एका बाजूने धरते. दुसरं माणूस तुम्ही आणा. आणल्याशिवाय मी हात लावायची नाही."

बाई बाहेर आल्या. समोरच्या दारापुढे उभ्या राहिल्या. चार पावलांचं अंतर, पण साहेबांपुढे उभं राहण्यापेक्षा अवघड. दार वाजवलं. समोरचे टॅक्सीवाले गृहस्थ बाहेर आले, एका गालाला साबण, हातात वस्तरा. बाईंना बघताच ते एक पाऊल मागे सरकले.

"काढतो बाई, सायकल काढतो. आज संध्याकाळपर्यंत जिन्यातून नक्की काढतो. पुन्हा तक्रार नका करू."

"सायकलचं नाही," बाई कशाबशा म्हणाल्या. "अण्णांना कुशीवर वळवायचंय. एक माणूस कमी पडतंय. येता का जरा?"

वस्तरा कोनाड्यात ठेवून, गालावरचा साबण बाहीला पुसत गृहस्थ मागोमाग आले. आतल्या खोलीच्या दारात पोचले आणि तिथेच थबकले. खाटेवरचे अण्णा त्यांच्याकडे बघत होते.

"हे... आहेत?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, हे गेले. दोन वर्षं झाली, जिन्यात दिसले नाहीत. या बायका येतात त्या घरकामाला येतात, असं धरून चाललो होतो. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही, बाई."

अण्णांनी डावा हात उचलला आणि त्यांना जवळ बोलावलं. गृहस्थ खाटेशी वाकले आणि त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. टाचणीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या मोठमोठ्याने रडायला लागल्या. मावशींनी त्यांना रडू दिलं, आणि गृहस्थांना कमरेखाली हात कुठे घालायचा ते दाखवायला घेतलं.